लहान गेमिंग पीसी, बजेट ५५ हजार, घराखाली यंत्रमाग

अशोकचौककर
खाली वडिलांचे टॉवेलचे सहा माग, वर माझी खोली. पहिला पीसी बांधतोय. मॉनिटर सोडून ५५ हजार आहेत, दोन वर्षं साठवलेले. कॉलेज पुण्यात, त्यामुळं सोलापूर-पुणे हुतात्मा एक्सप्रेसनं नेता येईल एवढा लहान हवा. यादी: रायझन ५ ५६०० प्रोसेसर, मिनी-आयटीएक्स (लहान मापाचा) बी५५० बोर्ड, १६ जीबी रॅम, आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड, एसएफएक्स (लहान मापाचा) पॉवर सप्लाय. बेरीज बजेटच्या बरीच वर चाललीय. नवी पेठेत एक दुकानदार म्हणाले, आत्ता ५६००जी (आतच ग्राफिक्स असलेला प्रोसेसर) घे, ग्राफिक्स कार्ड वर्षभरानं टाक. कात्री कुठं लावू?

विजापूररोड_०७
बोर्डाला लाव. मिनी-आयटीएक्स १७ सेंमी चौरस, मायक्रो-एटीएक्स २४.४. तेवढ्या साडेसात सेंमीपायी बोर्ड महाग, सप्लाय महाग, कॅबिनेटही महाग. मायक्रो-एटीएक्सचं लहान कॅबिनेट बघ, त्यात साधा एटीएक्स सप्लाय बसतो. ५५० वॉटचा चांगला घे, तिथं काटकसर नको.

आणि ५६००जी घेऊ नको बे. मी घेतला होता. त्यातलं ग्राफिक्स रॅमच वापरतं, आणि मी १६ जीबीची एकच पट्टी लावलेली. गेम अडखळायचे. ८-८ च्या दोन लावल्या तेव्हा कुठं सुधारलं. पुढं कार्ड घेतलं तेव्हा कळलं की याची एल३ कॅशे (प्रोसेसरमधली जलद मेमरी) १६ एमबी, ५६०० ची ३२, आणि कार्डाच्या जोडणीत हा जुन्या पीसीआयई ३ वरच अडतो. कार्ड कधीतरी टाकायचंच आहे ना, मग ५६०० घे. फक्त त्यात ग्राफिक्स नाही, कार्ड पहिल्या दिवसापासून लागेल.

३०६० ऐवजी आरएक्स ६६०० कार्ड बघ. मेमरी १२ ची ८ जीबी होते, पण १०८०पी (फुल एचडी) ला पुरते. वीज १७० वॉटऐवजी १३२. सोलापूरच्या मे महिन्यात लहान कॅबिनेटमध्ये हे ३८ वॉट जाणवतात.

साखरपेठ_मागवाला
भावा, सगळ्यात आधी कॅबिनेटची जाळी बघ. माझाही पीसी मागांच्या वरच्याच खोलीत. दहा मिनिटं खेळलं की वेग पडायचा. कार्ड गेलं असं समजून दुकानात नेला. उघडला तर कूलरच्या पत्र्यांत सुताची धूळ इतकी दाबून बसलेली, की चिमट्यानं ओढली तर अख्खी पट्टी निघाली.

समोर बंद काच असलेलं कॅबिनेट घेऊच नको. पुढं दोन पंखे हवा आत घेणारे, मागं एक बाहेर टाकणारा. पुढच्यांवर नायलॉनची बारीक जाळी. आत हवेचा दाब जास्त राहिला की फटींतून धूळ शिरत नाही. जाळी दर रविवारी झटक. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटानं धर, नाहीतर भरधाव फिरून बेअरिंग खराब होतं. जमिनीवर ठेवू नको.

अशोकचौककर
दोघांचेही मनापासून आभार, धुळीचा विचार डोक्यातच नव्हता. मायक्रो-एटीएक्स, ५६००, आरएक्स ६६००, ८-८ रॅम पक्कं. घरात ६०० व्हीएचा यूपीएस पडून आहे. लाईट जाते तेव्हा चालेल?

विजापूररोड_०७
६०० व्हीए म्हणजे बहुतेक ३६० वॉट, मागच्या लेबलवर बघून घे. कार्ड १३२, प्रोसेसर जोरात चालला तर ७६ च्या आसपास, वर बोर्ड, पंखे, मॉनिटर. भागतंय. पण काही मिनिटंच मिळतील, तेवढ्यात गेम सेव्ह करून बंद करायचा. पडून होता म्हणतोस तर बॅटरी आधी तपासून घे.