हेडफोनमध्ये ऐकू येते, पण माइक आवाज घेतच नाही: डेस्कटॉप, विंडोज १०

सेतूवाला_दारव्हा:
नमस्कार मंडळी. केंद्रावरचा डेस्कटॉप आहे, विंडोज १०, बोर्डावरचाच रियलटेकचा साउंड. मोबाइलचा एका पिनचा हेडफोन लावला आहे. मागच्या हिरव्या भोकात पिन टाकली की कानात आवाज बरोबर येऊन राहिला, पण समोरच्याला माझं काहीच ऐकू जात नाही. गुलाबी भोकात टाकली तर दोन्ही बंद. हाच माइक मोबाइलवर चांगला चालते. रेकॉर्डिंगच्या टॅबमध्ये माइकसमोरचे हिरवे दांडे हलत नाहीत. ड्रायव्हर काढून पुन्हा टाकून झाला. आता विंडोजच नव्यानं टाकावं लागते का? सोमवारी ऑनलाइन मीटिंग आहे.

संगणक_मास्तर_मेहकर:
विंडोजला हात लावू नका भाऊ, त्यात काही दोष दिसत नाही. पिन काढून उजेडात पाहा. तिच्यावर काळ्या रेघा तीन असतील, म्हणजे पिनेचे भाग चार झाले. टोकाला डावा कान, मग उजवा कान, मग ग्राउंड आणि अगदी बुडाशी माइक. मोबाइलची पिन अशीच असते. डेस्कटॉपची भोकं मात्र दोन रेघांच्या पिनेसाठी असतात आणि गुलाबी भोकात माइकची पत्ती टोकाला टेकते. तुमच्या पिनेच्या टोकाला आहे डाव्या कानाची तार. माइकची तार बुडाशी, आणि तिथे तिचा आवाज उचलणारी पत्तीच नाही. ड्रायव्हर कितीही वेळा टाका, दांडे हलणार नाहीत.

उपाय वाय आकाराच्या केबलचा, शे-दोनशेत मिळते. घेताना नीट पाहा: एका टोकाला भोक एक आणि दुसऱ्या टोकाला पिना दोन, एक हिरवी, एक गुलाबी. दुकानदार पुष्कळदा याच्या उलटी देतात, एक पिन आणि दोन भोकं. ती दोन जणांनी एकत्र गाणी ऐकायची केबल, तिनं माइक चालत नाही.

केबल लागली की विंडोजचं बटण आणि आर दाबा, चौकटीत एमएमएसवायएस डॉट सीपीएल इंग्रजीत टाइप करा. रेकॉर्डिंग टॅबमध्ये रिकाम्या जागी राइट क्लिक करून ‘शो डिसेबल्ड डिव्हाइसेस’ला टिक द्या. माइक दिसला की तो एनेबल करा, डिफॉल्ट करा, आणि ‘डिफॉल्ट कम्युनिकेशन डिव्हाइस’ही तोच करा. हे दुसरं लोक विसरतात आणि मीटिंगची बरीच सॉफ्टवेअर नेमकं तेच धरतात. लेव्हल ८० ते १००. बूस्ट, म्हणजे माइकचा आवाज आणखी वाढवायची सोय, लागलाच तर +१० किंवा +२० डीबी. +३० वर आवाजासोबत सरसर फार वाढते.

ऑपरेटर_उमरखेड:
मास्तरांनी सांगितलं ते बरोबरच आहे. दांडे हलू लागले की तार-पिनेचा प्रश्न मिटला. तरीही मीटिंगमध्ये ऐकू गेलं नाही तर सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी, मग मायक्रोफोन. तिथे परवानग्या तीन जागी आहेत: वरची पूर्ण संगणकाची, मधली ॲप्सची, आणि पान खाली सरकवल्यावर डेस्कटॉप ॲप्सची. क्रोम त्या शेवटच्या परवानगीवर चालतं. मग क्रोममध्ये पत्त्याच्या पट्टीच्या डाव्या टोकाला क्लिक करून त्या साइटला माइक ‘अलाऊ’ करा आणि पान रिफ्रेश करा.

सोमवारपर्यंत केबल आणायला तालुक्याला जाणं जमत नसेल तर मोबाइलवरूनच मीटिंगला बसा. काम अडणार नाही.

सेतूवाला_दारव्हा:
केबल आणली, दांडे हलून राहिले, समोरच्याला ऐकूही गेलं. मास्तर, लई आभार. पण आता आवाजामागे सारखी घूं अशी घरघर येते म्हणतात. कॅबिनेटला हात टेकवला की कमी होते. केबल खराब निघाली का?

वायरमन_हिंगणघाट:
केबल नाही, तुमची अर्थिंग गेली आहे. हात टेकवल्यावर घरघर बदलते, म्हणजे कॅबिनेटवरचा गळतीचा करंट जमिनीत जाऊन नाही राहिला. संगणकाच्या पॉवर सप्लायमधले फिल्टर थोडा करंट अर्थिंगच्या तारेत सोडतातच. ती तार मोकळी असेल तर तो कॅबिनेटवर बसतो आणि माइकच्या बारीक सिग्नलमध्ये ५० हर्ट्झची घूं मिसळते. उघड्या पत्र्याला उलटा हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर वेळ घालवू नका, संगणक बंद ठेवून आधी अर्थिंग करून घ्या.

प्रथम एक्स्टेंशन बोर्ड पाहा. दोन पिनेचा असेल किंवा वरची जाड पिन कापलेली असेल तर तो बदला. मग सॉकेटमागे अर्थिंगची हिरवी तार खरंच जोडली आहे का, ते वायरमनकडून मेन स्विच बंद करून तपासून घ्या. कितीतरी ठिकाणी ती भिंतीत नुसती लोंबत असते. शेवटी अर्थिंगचा खड्डा, म्हणजे जिथे अर्थिंगची सळई किंवा पाइप जमिनीत पुरलेला असतो तो. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि सळईपासून सुटते. पावसाळ्यात चांगली असलेली अर्थिंग मे महिन्यात निकामी होते. खड्ड्यात कोळसा आणि मीठ भरलेलं असलं तरी ओल पाहिजेच. पाइपच्या तोंडातून बादलीभर पाणी दर आठ-पंधरा दिवसांनी ओतत जा.

लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवरच घरघर वाढत असेल तर इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा आहे का, तेही पाहा. तसा असेल तर साइन वेव्हचा घ्यावा लागेल, तोवर मीटिंग मेन लाइनवरच करा.

संगणक_मास्तर_मेहकर:
एक भर घालतो. केबल समोरच्या भोकात लावणार असाल तर तिथे कापसाची तूस आणि धूळ फार बसते. संगणक बंद करून आयसोप्रोपिल अल्कोहोल पिनेला लावा, पिन आतबाहेर फिरवा, वाळू द्या. खोबरेल तेल किंवा टाचणी नको, आतली पत्ती वाकते. साफ करूनही समोरचा माइक चालला नाही तर कॅबिनेट उघडून बोर्डावरची ‘एचडी ऑडिओ’ लिहिलेली तार बसली आहे का ते पाहा. जुन्या कॅबिनेटमध्ये त्याच तारेला ‘एसी ९७’ या जुन्या पद्धतीचा दुसरा कनेक्टर असतो आणि जोडणारा चुकून तोच लावतो.