मदत हवी आहे: फोर-के एडिटिंगसाठी आयपॅड एअर की लॅपटॉप?

लग्नाचं फुटेज सोनीचं आहे: फोर-के, एच.२६५ (व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत), १०-बिट ४:२:२ (म्हणजे रंगांची जास्त माहिती). आत्ताचा लॅपटॉप इंटेलच्या आठव्या पिढीचा आय-५, रॅम ८ जीबी. या चिपमध्ये ४:२:२ चं हार्डवेअर डिकोडिंगच (व्हिडिओ उलगडायची वेगळी सोय) नाही, म्हणून टाइमलाइन अडखळते. १०८० च्या प्रॉक्सी (एडिटिंगपुरत्या हलक्या प्रती) केल्या की कटिंग सुरळीत होतं, पण त्या बनवण्यातच रात्र जाते.

बजेट ८० हजार. एकीकडे एम-सिरीजचा आयपॅड एअर, ८ जीबी. दुसरीकडे तेराव्या पिढीच्या आय-५ एच चिपचा लॅपटॉप, १६ जीबी रॅम. रायझन प्रोसेसर आणि आरटीएक्स ४०५० ग्राफिक्स कार्डची जोडी बाद केली, कारण तिथेही ४:२:२ चा भार सीपीयूवरच येतो. साधा आयपॅडही नको. त्याचं यूएसबी-सी पोर्ट जुन्या यूएसबी २.० च्याच वेगाचं, बाहेरच्या एसएसडीवरून काम व्हायचं नाही.

एडिटिंग दाविंची रिझॉल्व्हमध्ये, टायटल मराठीत. खोलीत फक्त कूलर. नागपुरात सीताबर्डीतल्या शोरूमच्या एसीत दहा मिनिटं बघून काय कळणार?

आयपॅड एअरला पंखा नाही. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ ला टेकतो, तेव्हा चार्जिंगवर ठेवून अर्ध्या तासाची फोर-के फिल्म एक्स्पोर्ट करताना तो तापून मंदावतो का, की मधेच बंद पडतो?