रिची बेनॉ गप्प राहून कॉमेंट्री कशी करायचे?

थर्डमॅन: ऑस्ट्रेलियाच्या चॅनल नाईन या टीव्ही वाहिनीच्या जुन्या क्लिपांमध्ये चौकार गेला तरी बेनॉ (ऑस्ट्रेलियाचे माजी कर्णधार, नंतर समालोचक) दोन-चार शब्दांवर थांबतात. टेनिस बॉल स्पर्धेच्या यूट्यूब लाइव्हला तसं केलं की चॅटवर 'आवाज गेला' सुरू होतं. काय चुकतंय?

मधली यष्टी: बेनॉ मैदानातून थेट कॉमेंट्री बॉक्समध्ये गेले नव्हते. सिडनीच्या वर्तमानपत्रात पोलीस-बातम्या केल्या. १९५६ चा इंग्लंड दौरा संपल्यावर तिथेच थांबून बीबीसीचं टीव्ही प्रशिक्षण घेतलं. कर्णधारपद तर नंतर आलं. ६३ कसोटी, २४८ बळी, १९६४ मध्ये निवृत्ती. १९७७ पासून चॅनल नाईन.

आता हिशोब बघा. तासाला १५ षटकं म्हणजे चेंडूमागे ४० सेकंद. चेंडू डेड होईपर्यंत (म्हणजे त्या चेंडूवरचा खेळ थांबेपर्यंत) मुख्य समालोचक, रिप्लेवर दुसरा, आणि गोलंदाज रन-अपवर वळला की दोघंही गप्प. रिप्लेवरचं वाक्य लांबलं की पुढच्या चेंडूवर आदळतं, नेहमीची चूक हीच. शिवाय 'चेंडू सीमारेषेकडे' हे रेडिओचं वाक्य. टीव्हीवर ते दिसतंच. डीप पॉइंटचा (ऑफ साइडला सीमेवरचा) क्षेत्ररक्षक आत का घेतला ते सांगा.

गल्ली_फील्डर: वरचं पटलं, पण चॅटची तक्रार वेगळी आहे. मैदानाचा आवाज घेतलेला नसेल तर तुम्ही थांबताच स्ट्रीम मुकी होते. साइटस्क्रीनजवळ एक माइक, त्यावर वाऱ्यासाठी केसाळ कव्हर, मिक्सरवर वेगळा चॅनल. भोंग्यांपासून लांब ठेवा, नाहीतर तुमचाच आवाज मागाहून परत येतो. नॉइज सप्रेशन (मागचा आवाज आपोआप दाबणारी सोय) बंद करा, ते टाळ्याही गिळतं. समोरचा मॉनिटर स्विचरच्या (कॅमेरे बदलणाऱ्या यंत्राच्या) आउटपुटवरून घ्या. यूट्यूबवर चित्र उशिरा पोचतं, मोबाइलवर ते बघून बोललात तर बॅट्समन तंबूत पोचल्यावर तुम्ही 'आउट' म्हणाल.

थर्डमॅन: नॉइज सप्रेशन चालूच होतं! आणि बोलता बोलता विकेट पडली तर?

मधली यष्टी: वाक्य तिथेच तोडायचं. १२ सप्टेंबर २००५, ओव्हल. बेनॉ इंग्लंडच्या टीव्ही प्रेक्षकांचा निरोप घेत होते, तेवढ्यात ऑस्ट्रेलियाच्या मॅग्राने १५८ वर इंग्लंडच्या पीटरसनचा त्रिफळा उडवला. निरोप अर्धवट टाकून त्यांनी आधी विकेट सांगितली. तुमच्याकडे फार तर चषकाच्या देणगीदाराचं नाव अर्धवट राहील. ते षटक संपल्यावर वाचा.