उत्तर: खाजन शेती का खारावते?
खाजन म्हणजे खाडीकाठची, बांध घालून भरतीच्या पाण्यापासून राखलेली सखल शेतजमीन. 'समुद्राची पातळी वाढली म्हणून गोव्यातली खाजनं खारावली' हे अर्धंच पटतं. बरीच जबाबदारी मानशीच्या वापराकडे जाते. मानस म्हणजे बांधातलं लाकडी झडपेचं दार: भरतीला बाहेरच्या पाण्याच्या दाबाने मिटतं, ओहोटीला आतलं पाणी ढकलून उघडतं. ओहोटीच्या वेळी तिथेच जाळं लावून मासे धरतात आणि या मासेमारीचा लिलाव होतो. गोम तिथे आहे. जास्त मासळीसाठी भरतीतही दार उघडं ठेवलं की खारं पाणी चरातून थेट शेतात चढतं. कोरगुटसारखं भात थोडा खारेपणा सोसतं, पण पेरणीआधी पहिल्या पावसाने मीठ धुऊन बाहेर जायलाच हवं. शिवाय चिखलाच्या बांधाला खेकडे भोकं पाडतात. ती वेळीच बुजवली नाहीत तर मोठ्या भरतीला तिथूनच भगदाड पडतं.