प्रतिसाद: नंदीचं चांदीचं नाणं गुप्तांचं की कलचुरींचं?

वर एकाने दर्यापूरच्या बाजारात घेतलेलं नखाएवढं चांदीचं नाणं गुप्तांचं म्हणून सांगितलंय. एका बाजूला उजवीकडे पाहणारा चेहरा, दुसरीकडे बसलेला नंदी. नंदी गुप्त राजा स्कंदगुप्ताच्याही नाण्यांवर आहे, त्यामुळे गल्लत साहजिक. पण आपल्या विदर्भात आधी कलचुरी घराण्यातल्या कृष्णराजाचा विचार करावा (साधारण इ.स. ५५०–५७५). त्याची नाणी अमरावती जिल्ह्यातच धामोरीला सापडली आहेत. वजन दोन ग्रॅमच्या आसपास.

नंदीभोवतीचा ब्राह्मी मजकूर भिंगातून बघा. 'परममाहेश्वर' (शिवाचा परमभक्त) ने सुरू होऊन 'श्रीकृष्णराज' वर संपतो. सगळा सहसा मिळत नाही, कारण ठसा मोठा आणि चकती लहान, अर्धी अक्षरं काठाबाहेर जातात. 'कृष्ण' मधलं जोडाक्षर दिसलं तरी पुरे. हे नाणं चलनात टिकलंही भारी! आठव्या शतकातल्या, नाशिकजवळच्या अंजनेरीच्या ताम्रपटात 'कृष्णराज रूपक' (रूपक म्हणजे चांदीचं नाणं) चा उल्लेख आहे, म्हणजे राजा जाऊन सव्वाशेहून जास्त वर्षं झाली तरी व्यवहारात नाव त्याचंच.

नाणं साफ करायला चिंच-लिंबू, टूथपेस्ट काही लावू नका, सोनाराकडे उजळायला तर मुळीच नको. काठावर सांध्याची बारीक रेघ दिसली तर ते ओतीव, म्हणजे नकली.

आणि विकणारा 'वावरात हंडा निघाला' म्हणाला असेल तर जरा जपून. १८७८ च्या कायद्यानुसार दहा रुपयांवरचं गुप्तधन सापडलं की जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. बहुतेक वेळा हंडा गोष्टीतलाच असतो, ते वेगळं. काठाचा फोटो टाका.