मदत हवी आहे: कॅनडात आईवडिलांची पीआर (कायम रहिवासाची) स्पॉन्सरशिप लँडिंगच्या आधी मागे घ्यायची आहे

ओकव्हिलकर
नमस्कार मंडळी. प्रकार पेरेंट्स अँड ग्रँडपेरेंट्स प्रोग्रॅमचा, प्रांत ऑन्टारिओ. २०२४ च्या आमंत्रणावर पीआर पोर्टलमधून अर्ज केला. मुख्य अर्जदार बाबा, सोबत आई, दोघंही सांगलीला. मी स्पॉन्सर, बायको को-सायनर (हमीवर सोबत सही करणारी). सगळी फी एकदमच भरली आहे. बायोमेट्रिक्स आणि मेडिकल झालं, पासपोर्ट अजून मागवलेले नाहीत. आता आईची कायमचं यायची तयारी नाही आणि इकडे माझी नोकरी गेली आहे.
१) मागे कधीपर्यंत घेता येतं? २) नेमकं कुठे आणि काय लिहायचं? ३) पैसे किती परत येतात? ४) पुढे सुपरव्हिसाला (आईवडिलांच्या लांब मुक्कामाच्या तात्पुरत्या व्हिसाला) अडचण येते का?

कलमकसाई
लँडिंग होईपर्यंत मागे घेता येतं. मंजुरी आली, पासपोर्टवर व्हिसा चिकटला, सीओपीआर (पीआर मंजुरीचा कागद) हातात पडलं, तरी बाबा पीआर झालेले नसतात. विमानतळावर अधिकाऱ्याने सीओपीआरवर लँडिंगची नोंद केली की ते पीआर, आणि त्याच दिवसापासून तुमच्या हमीची २० वर्षं सुरू. मग नोकरी जावो, घटस्फोट होवो, तुम्ही देश सोडा किंवा आईबाबांना नागरिकत्व मिळो, हमी सुटत नाही. त्या काळात त्यांनी सरकारी आर्थिक मदत घेतली तर ती रक्कम प्रांत तुमच्याकडून वसूल करतो. को-सायनरकडूनही.

इमिग्रेशन नियमावलीचं कलम १२६ असं आहे की स्पॉन्सरने अर्ज मागे घेतला तर त्या माणसाच्या पीआर अर्जावर निर्णयच द्यायचा नाही. निर्णय नाही म्हणजे नकार नाही, आणि नकार नाही म्हणून अपीलही नाही. हा मुद्दा लोक हमखास विसरतात.

पोर्टलवाला
कुठे आणि कसं ते सांगतो. आयआरसीसीच्या (कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याच्या) वेबफॉर्ममधून, आधीच केलेल्या अर्जाबद्दल हा पर्याय निवडून. सोबत स्पॉन्सरच्या सहीचं एक पानी पत्र पीडीएफ करून जोडा. पत्रात तुमचं नाव, जन्मतारीख आणि यूसीआय (खात्याने दिलेला ओळख क्रमांक), आईबाबांची पासपोर्टप्रमाणे नावं, जन्मतारखा, यूसीआय, अर्ज क्रमांक, आणि एक सरळ वाक्य की मी या दोघांसाठी केलेला स्पॉन्सरशिपचा अर्ज मागे घेत आहे. राइट ऑफ पीआर फीचा (पीआर मिळण्यासाठीच्या वेगळ्या फीचा) परतावा त्याच पत्रात मागा आणि फीची पावती जोडा. कारण लिहायची सक्ती नाही. लिहिलंच तर एका ओळीत लिहा, घरचं रामायण नको.

गोंधळ होतो तो इथे: "तूर्त थांबवा" किंवा "पुढे कळवतो" असं लिहिलं तर ते मागे घेणं धरलं जात नाही, फाइल चालूच राहते. आणि "आईचं नाव काढा" ही वेगळी विनंती आहे. फाइल कन्सल्टंटने भरली असेल तर पोर्टलचं खातं त्याच्याकडे असतं. त्याला लेखी सूचना द्या, पण स्वतःही वेबफॉर्म भरा. त्याला काढायचं असेल तर आयएमएम ५४७६ (प्रतिनिधी नेमायचा फॉर्म) वरच्या रद्द करण्याच्या भागात सही करायची. वेबफॉर्म पाठवल्याची पोच जपून ठेवा.

पैशांचं म्हणाल तर ३० एप्रिल २०२४ नंतरच्या दराने स्पॉन्सरशिपचे ८५, बाबांच्या प्रोसेसिंगचे ५४५ आणि आईच्या प्रोसेसिंगचे ६३५ डॉलर गेले, कारण मेडिकलपर्यंत पोचलेल्या फाइलवर काम सुरू झालेलं आहे. बायोमेट्रिक्सचेही गेले. राइट ऑफ पीआरचे माणशी ५७५, म्हणजे दोघांचे ११५०, परत मिळतात.

हळूबाई
दादा, जरा दमानं घ्या. इथे खरा तोटा पैशांचा नाही. २०२५ पर्यंतची सगळी आमंत्रणं २०२० च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये भरलेल्या, स्पॉन्सर करायची इच्छा कळवणाऱ्या फॉर्मच्या यादीतूनच निघाली आहेत. तुमचा त्यातूनच नंबर लागला. अर्ज मागे घेतलात की तो नंबर गेला, पुन्हा मागता येत नाही.

तुमची दोन कारणं वेगवेगळी तपासा.

आधी नोकरी. २०२४ च्या अर्जासाठी उत्पन्न पाहतात ते २०२१, २०२२ आणि २०२३ चं, सीआरएच्या (कॅनडाच्या कर खात्याच्या) नोटीसमधल्या १५००० क्रमांकाच्या ओळीवरून. ती वर्षं तर होऊन गेली. मात्र अर्जाला १२ महिने उलटले असतील किंवा परिस्थिती बदलल्याचं दिसलं तर अधिकारी नव्याने पुरावा मागू शकतो, आणि त्यात नियमित बेरोजगारी भत्ता (ईआय) मोजत नाहीत (मातृत्व किंवा आजारपणाचा ईआय चालतो). बायकोचं उत्पन्न धरून किमान उत्पन्नाचा आकडा बसतो का ते आधी पाहा. बसत असेल तर नोकरीसाठी अर्ज मागे घ्यायचं कारणच उरत नाही. बसत नसेल तरी आयएमएम १३४४ (स्पॉन्सरशिपचा फॉर्म) वर काय निवडलं होतं ते उघडून बघा. स्पॉन्सर अपात्र ठरला तर अर्ज मागे घ्यायचा की पुढे चालवायचा, असा प्रश्न तिथे असतो. "पुढे चालवा" निवडलं असेल तर नकार येतो आणि त्यावर अपील करता येतं. "मागे घ्या" निवडलं असेल तर स्पॉन्सरशिपची फी सोडून बाकीची परत येते, पण अपील नाही.

आता आई. बाबांना एकट्याला यायचं असेल तर आईला सोबत न येणारी म्हणून दाखवता येतं. तिचं मेडिकल झालं आहे हे फार चांगलं झालं. अर्जात नाव न दाखवलेला किंवा तपासणी न झालेला जोडीदार पुढे फॅमिली क्लासमधून कायमचा बाद होऊ शकतो. तपासणी झालेली असली की उद्या आईचं मन बदललं तर बाबा तिला पत्नी म्हणून स्पॉन्सर करू शकतात. ती हमी फक्त ३ वर्षांची, मात्र त्यासाठी बाबांना कॅनडात राहावं लागेल.

कलमकसाई
+१. आणि सुपरव्हिसासाठी पीआर अर्ज मागे घ्यावाच लागतो हा गैरसमज आहे. इमिग्रेशन कायद्याच्या कलम २२(२) नुसार कायम राहायचा इरादा असला तरी तात्पुरतं येता येतं, फक्त मुदतीत परत जाल याची अधिकाऱ्याला खात्री पटली पाहिजे. जुलै २०२२ पासून सुपरव्हिसावर एका वेळी ५ वर्षांपर्यंत राहता येतं. आरोग्यविमा किमान १ लाख डॉलरचा आणि किमान वर्षभराचा हवा. इथेही यजमानाचं उत्पन्न पाहतातच, तेव्हा तुमच्या नोकरीचा प्रश्न तिथेही आडवा येईल. मात्र आमंत्रणपत्रावर बायको को-साइन करू शकते.

अर्ज मागे घेतलात तर पुढे आयएमएम ५२५७ (तात्पुरत्या व्हिसाचा फॉर्म) भरताना नीट वाचा. कॅनडात यायला किंवा राहायला पूर्वी अर्ज केला होता का, याला "हो" लिहा आणि मागे घेतल्याचा तपशील द्या. व्हिसा नाकारला होता का, हा वेगळा प्रश्न आहे. अर्ज मागे घेणं हा नकार नाही. पहिल्या प्रश्नाला "नाही" लिहून खोट्या माहितीचा ५ वर्षांचा बॅन ओढवून घेऊ नका.

गुपचूप_वाचक
धाग्याला जोडून विचारते. जोडीदाराची स्पॉन्सरशिप असेल आणि नातं तुटलं तर हेच सगळं लागू का?

पोर्टलवाला
ताई, वाट तीच, पीआर होईपर्यंतच. पीआर झाल्यावर ३ वर्षांची हमी राहते, विभक्त झालात तरी. शिवाय अर्जदारावरही बंधन आहे: पीआर व्हिसा मिळाल्यानंतर वैवाहिक स्थिती बदलली तर लँडिंगच्या वेळी अधिकाऱ्याला सांगावंच लागतं. क्यूबेकमध्ये हमीपत्र प्रांताच्या इमिग्रेशन मंत्रालयाकडे असतं, म्हणून तिथे वेगळं कळवायचं. आणि तुम्ही अर्जदाराच्या बाजूने विचारत असाल, कॅनडातच असाल आणि घरात मारहाण किंवा धमकी असेल, तर "मी अर्ज मागे घेईन" या दमदाटीला घाबरून राहू नका. कौटुंबिक हिंसाचाराच्या बळींसाठी तात्पुरतं रहिवासी परमिट आहे, किमान ६ महिन्यांचं. पहिल्या परमिटला फी नाही, सोबतच्या वर्क परमिटलाही नाही.

ओकव्हिलकर
सगळ्यांचे आभार. १३४४ उघडलं, "पुढे चालवा" निवडलेलं आहे. बाबांशी बोलतो, तोवर पत्र पाठवत नाही. पण समजा पाठवलं आणि मध्येच पासपोर्ट मागवल्याची मेल आली तर?

हळूबाई
असं होतं, वेबफॉर्म वाचणारा आणि फाइल पुढे सरकवणारा माणूस एकच नसतो. पासपोर्ट व्हीएफएसला (व्हिसा केंद्राला) देऊ नका. त्या मेलची प्रत आणि आधीची पोच जोडून पुन्हा वेबफॉर्म करा. सीओपीआर येऊन पडलंच तर आईबाबांना त्यावर प्रवास करू देऊ नका. तिकिटं आधीच काढली असतील तर ती रद्द करा, अर्ज मागे घेतल्याचं लेखी उत्तर येईपर्यंत नवी काढू नका.