विनोदी एकांकिका: हशा नायिकेच्या अंगावर येतोय, तो नायकाच्या नजरेवर कसा आणायचा?

पडद्यामागून (प्रश्न; पुढची नावं उत्तर देणाऱ्यांची)

आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठी ४५ मिनिटांची विनोदी प्रेमकथा लिहिली आहे. निहार, वय २९, सतरा स्थळं नाकारलेला. डोक्याला मार लागतो आणि त्याला माणसांचं बाहेरचं रूप दिसेनासं होतं, आतलं दिसायला लागतं. मुक्ता त्याला अप्सरा दिसते, जगाला ती जाड आणि काळीसावळी. त्यासाठी दोन नट्या घेतल्या आहेत: निहार तिच्यासोबत एकटा असताना सडपातळ आणि गोरी, बाकीचे आले की दुसरी. दुसरीला पॅडिंग आणि गडद पॅनकेक (रंगभूषेचा लेप). मुक्ता अनाथाश्रमात शिकवते, सगळ्यांच्या मदतीला धावते. शेवटी निहारची दृष्टी पूर्ववत होते, तो तिला खऱ्या रूपात पाहतो, "मला तूच हवीस" म्हणतो आणि पडदा.

पहिल्या वाचनात हशा तीन जागी आला. खुर्ची मोडते तिथे, ती चौथा वडापाव मागते तिथे, आणि निहारची आई तिला बघून मटकन खाली बसते तिथे. शेवटाला मात्र सगळे गप्प, आणि ते गप्प बसणं भारावल्याचं नव्हतं. नेमकं कुठे चुकतंय? दोन नट्या ठेवाव्यात का? आणि २००१च्या 'शॅलो हॅल' या इंग्रजी चित्रपटाशी कल्पना जुळते, स्पर्धेत त्याची अडचण येईल का?

तांबडीनिळी

चूक शेवटात नाही, त्या तीन हशांत आहे.

संहितेची एक प्रत आणि तांबडी-निळी पेन्सिल घेऊन बसा. जिथे हशा अपेक्षित आहे तिथे खूण करा. हसू मुक्ताच्या शरीरावर असेल तर तांबडी, तिच्याकडे बघणाऱ्यावर असेल तर निळी. तुमच्या तिन्ही जागा तांबड्या आहेत. प्रेक्षक पस्तीस-चाळीस मिनिटं तिच्या वजनावर हसला म्हणजे तो निहारच्या जुन्या नजरेत सामील झाला. मग शेवटच्या पाच मिनिटांत त्याच प्रेक्षकाला "रूपात काय आहे?" असं ऐकवलं की तो ओशाळतो. तुम्हाला मिळाली ती शांतता ओशाळल्याची होती.

नाट्यशास्त्रात भरताने हास्याचे आत्मस्थ आणि परस्थ असे दोन प्रकार केले आहेत: पात्र स्वतः हसतं ते आत्मस्थ, दुसऱ्याला हसवतं ते परस्थ. शिवाय स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित, अतिहसित असे सहा भेद, मंद हसण्यापासून अनावर हसण्यापर्यंत चढत जाणारे. त्यातले पहिले दोन उत्तम प्रकृतीच्या पात्रांचे आणि शेवटचे दोन अधमांचे. तालमीत ही फोड फार उपयोगी पडते. तुमच्या सारांशात मुक्ता स्वतः एकदाही हसत नाही, तिच्या वाट्याला सगळं दुसऱ्यांचं अपहसित आलंय. तिला स्वतःचं हसू द्या आणि अपहसित आईकडे ठेवा, म्हणजे प्रेक्षकाला कुणाच्या बाजूने बसायचं ते न सांगता कळेल.

रूपावरचा विनोद सरसकट टाकायला सांगत नाहीये. फ्रेंच नाटककार रोस्ताँच्या 'सिरानो द बर्जराक'मध्ये (१८९७) पहिल्याच अंकात एक उमराव सिरानोला "तुमचं नाक फार मोठं आहे" एवढंच म्हणू शकतो. सिरानो म्हणतो, बस, इतकंच? आणि नाकावर किती तऱ्हांनी बोलता आलं असतं ते एकेक करून ऐकवतो: दरडावून, मित्रासारखं, वर्णन करून, कौतुकाने. सगळं बोलणं नाकाबद्दल, पण हसू येतं ते एक धड वाक्य न सुचलेल्या उमरावाचं.

तुमची खुर्ची अशीच फिरवा. मुक्ता येणार म्हणून आई वेताची खुर्ची आत लपवते आणि लोखंडी आणून ठेवते. मुक्ता सहज विचारते, "ही कोणासाठी?" आईला उत्तर सापडत नाही. तिथे नटीने तीन सेकंद काहीही करायचं नाही, हशा आपोआप निळा येतो. वडापावाचा प्रसंग मात्र काढाच, त्यात फिरवण्यासारखं काही नाही.

कानसेन

दोन नट्या नकोत, एकच ठेवा. गोरी आणि सडपातळ मुलगी आणून "ही आतली सुंदरता" म्हटलंत की आतलं सुंदर म्हणजेही गोरं आणि सडपातळच असं तुमचं नाटक बोलतं. ज्या समजुतीविरुद्ध लिहायला बसलात तिचाच प्रचार होतो.

डोक्याला मारही नको. निहारला उणे सहा नंबरचा चष्मा द्या आणि तो पहिल्याच प्रसंगात फुटू द्या. नवीन यायला तीन दिवस. उणे सहाला चष्म्याशिवाय साधारण १६ सेंटीमीटरपलीकडचं सगळं धूसर असतं, म्हणजे वीतभरसुद्धा नाही. तीन दिवस तो बघण्यापेक्षा ऐकतो. मुक्ताचा फक्त आवाज आधी विंगेतून येऊ द्या, पाच-सहा मिनिटं, मग ती दिसू दे.

नटाला एक सांगा: जवळचं दिसणारा माणूस आंधळ्यासारखा चाचपडत नाही. तो डोळे किलकिले करतो, चालण्यावरून आणि आवाजावरून माणूस ओळखतो, घड्याळ पाहायला भिंतीपाशी जातो. चाचपडायला लागला की प्रसंग फार्सात जातो.

भाता

चष्मा उत्तम, पण दोन दुरुस्त्या सुचवतो.

पहिली. उणे सहालाही रंग आणि आकार दिसतो, न दिसते ती चेहऱ्याची रेघ. म्हणजे मुक्ता जाड आणि सावळी आहे हे निहारला पहिल्याच मिनिटाला कळणार. ते लपवू नका, उलट त्यावरच एकांकिका उभी करा. ती 'स्थळ' असूच शकत नाही असं तो गृहीत धरतो, आणि म्हणूनच तिच्याशी मोकळा बोलतो. सतरा मुलींसमोर तो पगार, फ्लॅट, परदेशवारी बोलला; हिच्यासमोर भीती, आजोबा, चुकलेली गाणी बोलतो. जादू लागत नाही, आणि त्याचा दोषही उघडा राहतो.

दुसरी. आवाज आधी आणि माणूस नंतर केलंत की तिचं दिसणं हाच 'पंच' होतो. सहा मिनिटं गोड आवाज, मग ती विंगेतून बाहेर, आणि प्रेक्षागृहात खसखस. तांबडीनिळीने काढायला सांगितलेला हशा परत दारातून आत. पडदा उघडतो तेव्हाच ती कामात बसलेली असू दे. पार्श्वसंगीत नाही, स्पॉट नाही, कोणी वळून बघत नाही.

काम म्हणजे काय? अनाथाश्रम काढून टाका. तो चांगुलपणाचा दाखला आहे, आणि दाखला रंगमंचावर दिसत नाही. तिथे हात दिसतात. तिला पेटी (हार्मोनियम) दुरुस्त करणारी करा. निहार आजोबांची पेटी घेऊन येतो, मधल्या सप्तकातला गंधार बोलत नाही. नटीने एखाद्या पेटी दुरुस्त करणाऱ्याकडे दोन तास बसून तीन क्रिया शिकाव्यात.

एक, गळती. कुठलीही पट्टी न दाबता भाता मारायचा. थोड्या झटक्यांत हाताला विरोध जाणवला पाहिजे; हात मोकळाच चालत राहिला तर हवा कुठूनतरी जाते आहे. दोन, मुका सूर. रीड, म्हणजे सूर देणारी पितळी जीभ बसवलेली पट्टी, काढून उजेडासमोर धरायची आणि जिभेच्या फटीतला कचरा पातळ कागदाने काढायचा. धुळीचा एक कणही सूर गप्प करतो. तीन, सूर लावणं. पितळी जीभ मोकळ्या टोकाकडे खरवडली की सूर चढतो, मुळाकडे खरवडली की उतरतो. एकेक हलका ओरखडा, परत बसवून ऐकायचं, कारण जास्त निघालेलं पितळ परत लावता येत नाही.

रीड साधारण बोटाच्या पेराएवढी. ती बघायला निहारला डोळे अगदी जवळ न्यावे लागतात, आणि ती मुक्ताच्या हातात असते. तुमचा प्रेमप्रसंग इथे आहे. १६ सेंटीमीटरवर त्याला पहिल्यांदा तिचा चेहरा स्पष्ट दिसतो: कानावर खोचलेली पेन्सिल, गालाला लागलेली पितळेची पूड, ऐकताना मिटलेले डोळे. इथे संवाद लिहू नका, भाताच हळूहळू बसू द्या.

विनोदासाठी एक जागा. आई फोनवर चौकशी करते, "मुलगी पांढरी की काळी?" मुक्ताला वाटतं सुराची पट्टी विचारताहेत: "काळी चार. पांढरीत बसवलं तर आवाज दबतो हो." पेन्सिल निळी.

आणि तिला खोट द्या, नाहीतर ती देव्हाऱ्यात जाऊन बसेल. माणसाचा आवाज चिरका असला की ती त्याला मनातून उतरवते. निहारचा आवाज चिरका ठेवा. मग शिकायचं दोघांनाही आहे.

पडद्यामागून

पेटी आणि चष्मा घेतो. दोन नट्या रद्द. जी मुक्ता करणार आहे ती खरोखरच सावळी आणि अंगाने भरलेली आहे, त्यामुळे पॅडिंगचा प्रश्न मिटला. पण मागे काळा पडदा आणि समोरून दोनच हॅलोजन असताना तिचा चेहरा बुडतो. पॅनकेक दोन छटा उजळ लावावा का?

डिमर

नाही. उजळ पॅनकेक घामाने मानेच्या रेषेवर तुटतो, कान आणि हात वेगळ्या रंगाचे राहतात, आणि दिव्याखाली चेहरा राखाडी दिसतो. तिच्या कातडीच्याच छटेचा बेस द्या, तोही पातळ, फक्त चमक मारण्यापुरता. भुवया आणि ओठांची कड थोडी ठळक.

बाकी काम दिव्यांचं. समोरून सपाट प्रकाश मारू नका. दोन्ही बाजूंनी ४५ अंशांवरून एकेक दिवा घ्या, एकाला फिकट अंबर जिलेटिन (दिव्यापुढचा रंगीत पारदर्शक कागद), दुसरा उघडा. तिच्या मागून वरून एक दिवा द्या म्हणजे केस आणि खांदे पडद्यापासून सुटतात. निळं आणि हिरवं जिलेटिन तिच्या चेहऱ्यावर टाळा, सावळी कातडी त्यात मळकट दिसते. रात्र दाखवायची असेल तर निळा फक्त मागच्या भिंतीवर.

काळा पडदा शक्य असेल तर झाका, मातकट किंवा राखी फ्लॅट (नेपथ्याची चौकट) लावा. कपड्यात पांढरा आणि क्रीम गळ्याशी नको, शेजारच्या पांढऱ्यामुळे चेहरा आणखी गडद भासतो. मोहरी, राणी, गडद हिरवा छान उठतात.

निहारचं धूसर दिसणं दाखवायला धूर वगैरे आणू नका. तो चष्म्याशिवाय असताना दिवे ६० टक्क्यांवर, १६ सेंटीमीटरच्या प्रसंगात फक्त तिच्यावरचे बाजूचे दिवे पूर्ण. हा बदल आठ-दहा सेकंदांत, प्रेक्षकाला जाणवता कामा नये.

नियमपत्रक

कायद्याचं थोडक्यात. नुसत्या कल्पनेवर कोणाचा हक्क नसतो. कथानकाची बांधणी, पात्रं, संवाद यांच्यावर असतो. जुन्या रूपात 'शॅलो हॅल'शी साम्य जास्त होतं: तिथेही नायकाची नजर बदलते (संमोहनाने) आणि त्याला नायिका सडपातळ दिसते. चष्मा आणि पेटी आल्यावर ते राहिलं नाही. सिरानोतून काही घ्यायचं असेल तर रोस्ताँ १९१८मध्ये गेला आणि आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क असतो, तेव्हा मूळ नाटक मोकळं आहे. अनुवादाचा हक्क मात्र अनुवादकाचा वेगळा, छापील अनुवादातून वाक्य उचलू नका.

संहिता मंजुरीसाठी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे (प्रयोगाआधी संहिता तपासणारं सरकारी मंडळ) वेळेत पाठवा. शेवटच्या आठवड्यात संवाद बदलले तर मंजूर प्रत आणि प्रयोग जुळत नाहीत.

तपशिलाची एक चूक होऊ शकते. निहार लग्नाच्या संकेतस्थळावर रंगाचा फिल्टर लावतो असं दाखवणार असाल तर काळ बघा. शादी डॉट कॉमने तो २०२०मध्ये काढला, त्याच वर्षी फेअर अँड लव्हलीचं नावही ग्लो अँड लव्हली झालं. आजच्या काळात दाखवायचं तर बायोडेटातले शब्द वापरा: 'निमगोरी', 'गव्हाळ', 'सुस्वरूप'. ते अजून चालतात आणि आईच्या तोंडी जास्त शोभतात.

तांबडीनिळी

शेवटाचं राहिलं. मुक्ताला निहारच्या मनातलं खरं कळण्याची जागा २८व्या मिनिटाच्या आसपास आणा, चाळिसाव्या नको. निहार फोनवर आईला म्हणतो, "तसलं काही नाही गं, ती पेटीवाली आहे." मुक्ता ऐकते. तिचा कान तीक्ष्ण आहे हे आपण अर्धा तास दाखवलंय, त्यामुळे योगायोग वाटत नाही. त्यानंतर तिच्या रागाला पाच मिनिटं द्या. ती रडत नाही, पेटीचं बिल करते: गळती काढणं, रीड साफ करणं, सूर लावणं, आकड्यांसकट. तिच्या आवाजात चढउतार नको.

माफीत निहारने "मला तुझं मन आवडतं, दिसण्याचं काय" हे वाक्य उच्चारू नये. ऐकणाऱ्या मुलीला त्यातून एवढंच कळतं की मी दिसायला वाईट आहे हे याने मान्य केलंय. त्याने तिचा चेहराच सांगावा, कानावरच्या पेन्सिलीपासून. चष्मा आता नाकावर आहे, आणि तरी तो पुढे सरकून १६ सेंटीमीटरवर येतो. ती "हो" म्हणते का, हे संवादात नको. ती म्हणते, "गंधार दाबा." तो दाबतो, सूर लागतो, ती डोळे मिटून ऐकते. दिवे सुरावरच मावळू द्या, सूर अंधारात चार सेकंद चालू.

वेळ: कोरड्या तालमीत ४१ मिनिटांच्या वर जाऊ देऊ नका. प्रेक्षकांचा हशा तीन-चार मिनिटं सहज खातो, आणि वेळ ओलांडली की गुण कापले जातात किंवा संघ बाद होतो. हशा टिपेला असताना पुढचं वाक्य टाकायचं नाही, पूर्ण विरेपर्यंतही थांबायचं नाही. उतरायला लागला की बोलायचं. "काळी चार"नंतर मुक्ताने पेटीकडेच बघत राहावं, प्रेक्षकांकडे मुळीच नाही.